ट्राउटचे छायाचित्र आणि पाण्याबाहेरचे तीस सेकंद

पकडलेल्या मोठ्या माशासह छायाचित्र काढावे का, आणि काढल्यास ते सर्वांना दाखवावे का, यावर जगभरातील हौशी मासेमारांत वाद सुरू आहे. हिमालयातील ट्राउट आणि कावेरीतील महसीर या दोन्ही माशांमुळे हा वाद भारतालाही लागू पडतो. त्याचा स्पष्टीकरणात्मक आढावा.

नवी दिल्ली : गुडघाभर थंड पाण्यात उभा असलेला मासेमार, त्याच्या दोन्ही हातांत आडवा धरलेला, अंगावर तांबडे-काळे ठिपके असलेला भलामोठा ट्राउट आणि मागे बर्फाच्छादित शिखरे, असे छायाचित्र समाजमाध्यमांवर अनेकांनी पाहिले असेल. छायाचित्राखाली बहुधा एक ओळ असते, ‘मासा सुखरूप सोडून दिला’. पाहणाऱ्याला ते पुरेसे वाटते. मासा मारला नाही, खाल्ला नाही, नदीत परत गेला. मग आक्षेप कशाला?

हा आक्षेप प्राणिहक्क कार्यकर्ते घेतात, तसाच तो आता स्वतः मासेमारही घेऊ लागले आहेत. आयुष्यभर गळ टाकून ट्राउट पकडणाऱ्यांपैकी अनेकांनी मोठ्या माशांची छायाचित्रे प्रसिद्ध करणे थांबवले आहे. काही जण मासा पाण्याबाहेर काढतच नाहीत. याउलट, छायाचित्रांमुळेच मासे जिवंत सोडण्याची प्रथा रुजली आणि नद्यांच्या रक्षणासाठी लोक उभे राहिले, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच हा वाद समजून घेण्यासारखा आहे.

वाद नेमका कशाचा?

कोकणात गळाने मासे पकडण्याला ‘गरवणे’ म्हणतात. तेथे गरवलेला मासा घरी जातो आणि त्याचे कालवण होते. युरोप आणि अमेरिकेतील ट्राउटच्या हौशी मासेमारीत मात्र गेल्या काही दशकांत पकडलेला मासा सोडून देण्याची रीत रूढ झाली. मासा घरी नेला जात नसल्याने मासेमाराकडे उरते ते केवळ छायाचित्र. वादाचे मूळ तेथे आहे.

या वादात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र मिसळलेले दिसतात. पहिला प्रश्न माशाच्या प्रकृतीचा आहे. छायाचित्रासाठी मासा पाण्याबाहेर धरल्याने त्याला किती इजा होते? दुसरा नदीचा आहे. छायाचित्रातून ठिकाण उघड झाल्यास तेथे किती गर्दी होते? तिसरा प्रश्न हेतूचा आहे. केवळ मिरवण्यासाठी एखाद्या जिवाला ताण देणे योग्य आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी विज्ञान देऊ शकते, दुसऱ्याचे अनुभव देतो. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने शोधायचे असले, तरी काही देशांच्या कायद्यांनी त्यातही हस्तक्षेप केला आहे.

पुराव्याची बदलती रूपे

मोठा मासा पकडल्याचा पुरावा जपण्याची हौस छायाचित्रणाहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मोठ्या माशाची कातडी पेंढा भरून काचेच्या पेटीत ठेवली जाई. काही जण माशाची बाह्याकृती कागदावर रेखाटून किंवा लाकडात कोरून भिंतीवर लावत. या सर्व प्रकारांत मासा मरणे अटळ होते. सुरुवातीच्या काळातील छायाचित्रेही याला अपवाद नव्हती. दोरीला ओळीने टांगलेले डझनभर मासे आणि बाजूला अभिमानाने उभी असलेली मंडळी, हा त्या काळातील नेहमीचा देखावा होता.

अमेरिकी मासेमार आणि लेखक ली वुल्फ यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात वेगळा विचार मांडला. खेळ म्हणून पकडल्या जाणाऱ्या माशाचे मोल मोठे असून, एकाच मासेमाराने एकदाच पकडून त्याला संपवू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील काही दशकांत हा विचार फोफावला. मोंटाना राज्याने १९७४ मध्ये नद्यांमध्ये संवर्धन केंद्रातील ट्राउट सोडणे थांबवले आणि नदीत नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या माशांवर भर दिला. नदीत बाहेरून भर पडणार नसेल, तर असलेले मासे टिकवणे क्रमप्राप्त ठरते. त्यामुळे पकडलेला मासा सोडण्याला केवळ सौजन्याचेच नव्हे, तर व्यवस्थापनाचेही कारण मिळाले.

या बदलात छायाचित्राने मोलाची कामगिरी बजावली. भिंतीवरच्या भुसा भरलेल्या माशाची जागा छायाचित्राने घेतली. पुढे तर माशाची लांबी, घेर आणि छायाचित्र यांच्या आधारे फायबरग्लासची हुबेहूब प्रतिकृती तयार होऊ लागली. पुरावाही राहिला आणि मासाही जगला. छायाचित्राची पाठराखण करणारे मासेमार आजही या इतिहासाकडे बोट दाखवतात.

चित्र पालटले ते मोबाईल कॅमेरा आणि समाजमाध्यमांमुळे. पूर्वी फिल्मचा एक रोल जपून वापरला जाई आणि वर्षातील एखाद्याच विशेष माशाचे छायाचित्र निघे. आता प्रत्येक माशाची, प्रत्येक कोनातून, हवी तितकी छायाचित्रे काढता येतात. ‘डोळे मिटले’, ‘मासा नीट दिसत नाही’, ‘अजून एक’ असे म्हणत मासा पुन्हा पुन्हा पाण्याबाहेर उचलला जातो. तो अधिक मोठा दिसावा म्हणून हात लांब करून कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे धरण्याची पद्धतही आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे.

पाण्याबाहेर माशाचे काय होते?

माशाचे कल्ले अत्यंत नाजूक पडद्यांचे बनलेले असतात. पाण्यात हे पडदे सुटे राहतात आणि पाण्यातील प्राणवायू रक्तात शोषून घेतात. मासा हवेत येताच पडदे एकमेकांना चिकटतात आणि श्वसन जवळजवळ थांबते. ते थांबते तेही अगदी चुकीच्या वेळी. गळाला लागलेल्या माशाने काही मिनिटे जिवाच्या आकांताने झुंज दिलेली असते. त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठलेले असते आणि शरीराला प्राणवायूची सर्वाधिक निकड असते. धावपटूने शर्यत संपवताच त्याचे नाक-तोंड दाबून धरावे, तशी ही अवस्था असते.

याविषयी सर्वाधिक उल्लेख होतो तो कॅनडातील संशोधक फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांच्या १९९२ मधील प्रयोगाचा. त्यांनी रेनबो ट्राउट जातीचे मासे दमेपर्यंत पळवले आणि त्यांतील काहींना हवेत धरले. केवळ दमवलेल्या माशांपैकी सुमारे १२ टक्के मासे पुढील १२ तासांत मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के होते, तर ६० सेकंद धरलेल्यांमध्ये ७२ टक्के. छायाचित्रणाविरोधातील युक्तिवादाचा पाया आजही हेच आकडे आहेत. मासा पोहत निघून गेला म्हणजे तो जगला, हा समज त्यांनी खोटा ठरवला. मासेमार घरी परतल्यानंतर, त्याच्या नजरेआड मासा मरू शकतो.

तथापि, हे आकडे जसेच्या तसे प्रत्येक नदीला लावता येत नाहीत. प्रयोगातील मासे प्रयोगशाळेत होते, त्यांच्यावर रक्ताचे नमुने घेण्यासाठी शस्त्रक्रिया झालेली होती आणि त्यांना पूर्णपणे थकवण्यात आले होते. नदीतील मासा बहुधा त्याआधीच हाताशी येतो. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात मोकळ्या पाण्यातील ट्राउटवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर ६० सेकंदांपर्यंत हवेत धरलेल्या आणि मुळीच न धरलेल्या माशांच्या जगण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. मासेमार प्रत्यक्षात मासा किती वेळ बाहेर धरतात, याची दुरून नोंद घेणाऱ्या अभ्यासांत हा कालावधी सरासरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास असल्याचे दिसले. मिनिटापेक्षा अधिक वेळ धरणारे थोडेच होते.

मग खरे काय मानायचे? याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्यात पाण्याचे तापमान हा सर्वांत मोठा घटक आहे. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर २० अंशांवर हे प्रमाण ९ मिलिग्रॅमवर येते. पाणी तापते तसा त्यातील प्राणवायू घटतो आणि त्याच वेळी माशाच्या शरीराची गरज मात्र वाढते. ट्राउट हा मुळात थंड पाण्याचा मासा असल्याने २० अंशांच्या पुढे तो आधीच ताणाखाली असतो. वसंतातील बर्फाळ पाण्यात जे ३० सेकंद माशाला सोसवतात, तेच उन्हाळ्यातील दुपारी त्याच्या जिवावर बेतू शकतात. मोंटानामध्ये नदीचे कमाल तापमान सलग तीन दिवस सुमारे २३ अंशांवर गेल्यास दुपारी २ ते मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवली जाते, त्यामागील कारण हेच आहे.

हवेव्यतिरिक्त हाताळणीचाही प्रश्न आहे. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर त्याला जंतू आणि बुरशीपासून वाचवतो. कोरडे हात, कोरडे दगड किंवा गवत यांच्या स्पर्शाने हा थर निघून जातो. कल्ल्यांत बोटे घालून किंवा पोट आवळून धरल्यास आतील अवयवांना इजा पोहोचते. छायाचित्रासाठी काठावर आडवा ठेवलेला मासा सुंदर दिसला, तरी त्याला सर्वाधिक इजा तेथेच होण्याची शक्यता असते.

वेदनेचा प्रश्न

माशाला वेदना होतात का, हा या चर्चेतील अवघड मुद्दा आहे. एडिंबराजवळील रॉस्लिन संस्थेतील लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ट्राउटच्या डोक्याच्या भागात इजेची जाणीव करून देणारे चेतातंतू असल्याचे दाखवले. ओठांत मधमाशीचे विष किंवा सौम्य आम्ल टोचल्यावर माशांच्या कल्ल्यांची हालचाल वेगाने वाढली, त्यांनी बराच वेळ अन्न घेतले नाही आणि आम्ल टोचलेल्या माशांनी ओठ तळातील खडीवर घासले. अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठाचे जेम्स रोज यांनी या निष्कर्षाला आव्हान दिले. माणसात वेदनेची जाणीव ज्या मेंदूच्या भागाशी जोडलेली आहे, तो भागच माशांत नसतो, त्यामुळे इजेला प्रतिसाद देणे म्हणजे वेदना अनुभवणे नव्हे, असे त्यांचे मत आहे.

हा वाद मिटलेला नाही. मात्र छायाचित्राच्या प्रश्नापुरता त्याचा एक निष्कर्ष बहुतेकांना मान्य होण्यासारखा आहे. माशाला गळाला लावणे हा खेळाचा अटळ भाग असल्याचे मानले, तरी त्यानंतरचे छायाचित्र अटळ नाही. त्यामुळे जो ताण टाळता येतो, तो देण्याचे समर्थन अधिक अवघड ठरते.

ठिकाण उघड करण्याचे परिणाम

सर्व मासेमार माशाच्या प्रकृतीवर एकमत होत नसले, तरी ठिकाण उघड करण्याबाबत त्यांच्या भावना तीव्र असतात. ट्राउटच्या लहान ओढ्यात मोठे मासे मोजकेच असतात. एखाद्या डोहात मोठा मासा असल्याचे हजारो लोकांना समजले, तर तोच मासा एका हंगामात अनेकदा गळाला लागू शकतो. एकदा सोडण्याने होणारी हानी नगण्य मानली, तरी ती पुनःपुन्हा झाल्यास नगण्य राहत नाही.

मोठ्या माशाचे महत्त्व केवळ आकाराचे नाही. ट्राउटच्या मादीच्या अंड्यांची संख्या तिच्या वजनासोबत वाढते. सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे दीड ते दोन हजार अंडी असतात. म्हणजेच ज्या माशांसोबत छायाचित्र काढण्याचा मोह सर्वाधिक, तेच मासे नदीच्या पुढील पिढीसाठी सर्वांत मोलाचे असतात. त्यात भर म्हणजे, प्रजननाच्या काळात ब्राउन ट्राउटचे रंग सर्वाधिक खुलतात. छायाचित्र सर्वांत देखणे येते ते नेमके माशाला एकटे सोडण्याच्या दिवसांत. त्या काळात मादी खडीत खळगे करून अंडी घालते. छायाचित्राच्या नादात तेथे पडलेले एक पाऊलही शेकडो अंडी चिरडू शकते.

हा प्रश्न मासेमारांपुरता मर्यादित नाही. अमेरिकेतील जॅक्सन होल येथील पर्यटन मंडळाने २०१८ मध्ये पर्यटकांना छायाचित्रांवर नेमके ठिकाण नोंदवू नये, असे आवाहन करणारी मोहीम राबवली. एकेकाळी निवांत असलेली तळी छायाचित्रांमुळे गर्दीने भरू लागल्याचा अनुभव त्यामागे होता. अनेक मासेमार आता पार्श्वभूमीतील ओळखीचे डोंगर, पूल किंवा खडक छायाचित्रातून वगळतात.

याला प्रत्युत्तरही आहे. नदी सर्वांची आहे. ज्यांना वडिलांकडून किंवा मित्रांकडून चांगल्या जागा समजल्या, त्यांनी नवख्यांपासून त्या लपवणे म्हणजे मक्तेदारी, असे काहींचे म्हणणे आहे. ज्या नदीविषयी कोणाला ठाऊकच नाही, तिच्यावर धरण येताना विरोध करायला कोण उभे राहील, हा त्यांचा प्रश्नही रास्त आहे. यावर सुचवला जाणारा मध्यम मार्ग असा की, नदीचे नाव आणि तिच्यापुढील संकटे जरूर सांगावीत, मात्र डोह सांगू नये.

कायद्यांची परस्परविरोधी उत्तरे

याबाबत निरनिराळ्या देशांचे कायदे पाहिले, तर नैतिकतेचे उत्तर एकच नसल्याचे स्पष्ट होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात समुद्रातून नदीत परतणाऱ्या जंगली स्टीलहेड ट्राउटला जेथे ठेवून घेण्यास मनाई आहे, तेथे तो पूर्णपणे पाण्याबाहेर काढण्यासही मनाई आहे. छायाचित्र काढायचे असल्यास ते मासा पाण्यात असतानाच काढावे लागते.

स्वित्झर्लंडने उलट दिशेने विचार केला. तेथे २००९ पासून, सोडून देण्याच्याच उद्देशाने मासे पकडण्यास बंदी आहे. खाण्यासाठी प्राण्याला त्रास देणे समजू शकते, करमणुकीसाठी नाही, हे त्यामागील तत्त्व आहे. जर्मनीतील प्राणी संरक्षण कायदाही सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देण्यास मनाई करतो. त्यामुळे मोठ्या माशासोबत छायाचित्र काढून तो सोडून दिल्याचे अभिमानाने जाहीर करणे तेथे कायदेशीर अडचणीचे ठरू शकते. इंग्लंडमध्ये मात्र १६ जूनपूर्वी गळाला लागलेला सामन मासा सोडून देणे बंधनकारक आहे. एका देशात जे कर्तव्य, ते दुसऱ्या देशात गुन्हा, अशी ही स्थिती आहे.

भारतातील ट्राउट : मानाचा पाहुणा

भारतात ट्राउट मूळचा नाही. काश्मीरमध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून ट्राउट वाढवण्याचा प्रयत्न १८९९ मध्ये फसला आणि १९०० मध्ये यशस्वी झाला. फ्रँक मिशेल यांनी श्रीनगरजवळील हरवन येथे ही पैदास केली. तेथून पुढे १९०९ च्या सुमारास कुल्लू खोऱ्यात ट्राउट पोहोचला. दक्षिणेत निलगिरीतील ॲव्हलांच येथेही त्याच सुमारास मत्स्यबीज केंद्र उभे राहिले. आज काश्मीरमधील लिद्दर आणि सिंध, तसेच हिमाचल प्रदेशातील तीर्थन, सैंज आणि पब्बर या नद्या ट्राउटसाठी प्रसिद्ध आहेत. मत्स्य विभागाचा परवाना घेऊन तेथे गळाने मासेमारी करता येते. हिमाचलात प्रजननकाळामुळे १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीस बंदी असते.

तीर्थन खोऱ्यात राहण्या-जेवणाची सोय करणारे, गळ आणि परवान्याची व्यवस्था करणारे, पर्यटकांना नदीवर नेणारे अनेक स्थानिक आहेत. मोठ्या माशासोबतचे पाहुण्याचे छायाचित्र ही त्यांची जाहिरात असते. या नदीवरील जलविद्युत प्रकल्पांना विरोध झाला, तेव्हा येथील ट्राउट हा त्या लढ्यातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. छायाचित्रांनी नदी वाचवण्यास हातभार लागतो, हे म्हणणे येथे निव्वळ सबब ठरत नाही.

पण भारतात एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. ब्राउन आणि रेनबो या दोन्ही जातींच्या ट्राउटचा समावेश आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा १०० आगंतुक प्रजातींच्या यादीत आहे. हिमालयातील थंड नद्यांमध्ये ‘स्नो ट्राउट’ या नावाने ओळखले जाणारे, पण प्रत्यक्षात कार्प कुळातील देशी मासे राहतात. अन्न आणि अधिवासासाठी त्यांना या पाहुण्याशी स्पर्धा करावी लागते. अशा स्थितीत ट्राउट सोडून देणे हे निसर्गरक्षण मानायचे का?

अमेरिकेत या प्रश्नाला थेट उत्तर मिळाले आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात स्थानिक कटथ्रोट ट्राउट सोडणे बंधनकारक आहे. मात्र यलोस्टोन सरोवरात १९९४ मध्ये आढळलेला आगंतुक लेक ट्राउट पकडल्यास तो मारणे बंधनकारक आहे. हिमालयात उत्तर इतके सरळ नाही, कारण शंभर वर्षांत ट्राउट तेथील अर्थकारणाचा भाग झाला आहे. तरीही ‘मासा सोडला’ या ओळीला आपोआप पुण्याईचा अर्थ चिकटत नाही, हे मासेमाराने लक्षात ठेवायला हवे. हिमाचल प्रदेशचा राज्य मासा ट्राउट नसून सोनेरी महसीर आहे आणि तो धोक्यात आलेल्या प्रजातींत मोडतो, हेही येथे नमूद करायला हवे.

महसीरने शिकवलेला धडा

छायाचित्र काय दाखवते आणि काय लपवते, याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिणेतील महसीरचे आहे आणि त्यात महाराष्ट्राचाही संबंध येतो. कावेरी नदीतील कुबडवाला महसीर जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. तो पकडण्यासाठी जगभरातून मासेमार येत. कावेरीकाठच्या गळमासेमारीच्या शिबिरांत पकडलेला मासा सोडून देण्याचा नियम होता आणि प्रत्येक माशाची नोंद वहीत केली जाई.

ब्रिटिश संशोधक एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गलिबोर येथील शिबिराच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या. त्यांत सहा हजारांहून अधिक महसीरांचा उल्लेख होता. नदीतील महसीरांची एकूण संख्या वाढलेली दिसली. मात्र ही वाढ कावेरीतील मूळच्या कुबडवाल्या महसीराची नव्हती, तर बाहेरून सोडलेल्या निळ्या परांच्या महसीराची होती. कुबडवाले महसीर कमी-कमी होत गेले आणि जे सापडत, ते आकाराने मोठे होत गेले. याचा अर्थ गंभीर होता. जुने मासे म्हातारे होत होते आणि नवी पिल्ले येतच नव्हती.

हे मासे ज्यांनी केवळ छायाचित्रांतून पाहिले, त्यांना वर्षागणिक अधिक मोठे मासे दिसले असतील आणि नदी समृद्ध असल्याचे वाटले असेल. प्रत्यक्षात एक प्रजाती संपण्याच्या वाटेवर होती. २०१८ मध्ये या माशाला ‘टॉर रेमादेवी’ हे शास्त्रीय नाव निश्चित झाले आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली.

निळ्या परांचा महसीर हा मूळचा कृष्णा खोऱ्यातील. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळील वळवण येथील टाटांच्या केंद्रात त्याची पैदास होऊ लागली आणि तेथील मत्स्यबीज इतर राज्यांतील नद्यांतही सोडण्यात आले. हेतू महसीर वाचवण्याचा होता. पण एका नदीतील देशी मासा दुसऱ्या नदीत आगंतुक ठरतो, हे तेव्हा पुरेसे ध्यानात आले नव्हते.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शास्त्रज्ञांना उपयोगी पडल्या त्या तारीख, प्रजाती, वजन आणि किती तास गळ टाकला याच्या नियमित नोंदी. लहान माशांच्याही आणि रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसांच्याही. केवळ विक्रमी माशांच्या छायाचित्रांतून हे कळले नसते. दुसरे म्हणजे, या नोंदी ठेवणारे मासेमारच होते. त्यांना नदीपासून दूर केले असते, तर ही घसरण कोणाच्या लक्षात येण्याची शक्यता कमीच होती.

छायाचित्र काढायचेच असेल तर

‘कीप फिश वेट’ ही संस्था आणि मत्स्यतज्ज्ञ यांच्या सूचनांचे सार थोडक्यात सांगता येते. मासा शक्यतो पाण्यातच ठेवावा, कोरड्या पृष्ठभागाला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये आणि हाताळणी कमीत कमी असावी. कॅनडातील संशोधकांनी २०१५ मध्ये हवेत धरण्याची मर्यादा १० सेकंद असावी, असे सुचवले.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा की, कॅमेरा आधी तयार ठेवावा आणि मासा नंतर उचलावा. तोपर्यंत तो रबरी विणीच्या हातजाळीत, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने तोंड करून पाण्यातच असावा. गळ उलट काट्याशिवायचा असावा, म्हणजे तो पटकन निघतो. हात ओले असावेत. मासा उचललाच, तर पाण्याच्या पृष्ठभागालगत आणि एकदाच. पाणी तापलेले असल्यास, मासा फार दमलेला असल्यास किंवा प्रजननाचा काळ असल्यास छायाचित्राचा मोह टाळावा. अर्धा पाण्यात असलेल्या माशाचे, ओल्या अंगावर ऊन पडलेले छायाचित्र अनेकदा हातात धरलेल्या माशापेक्षा सरस येते, हे अनुभवी छायाचित्रकारही सांगतात.

हिमाचल आणि काश्मीरला जाणाऱ्या पर्यटकांत मराठी कुटुंबांची संख्या मोठी असते. त्यांच्यापैकी अनेक जण एखाद्या दुपारी भाड्याने गळ घेऊन पहिल्यांदाच ट्राउट पकडतात. अशा वेळी घाई करण्याचे, मासा पाण्यातच ठेवण्याचे आणि एकाच छायाचित्रावर थांबण्याचे भान स्थानिक मार्गदर्शकाकडे असते. पण पाहुण्याने आग्रह धरला, तर त्याला नाही म्हणणे कठीण जाते, कारण त्याची रोजीरोटी पाहुण्याच्या समाधानावर अवलंबून असते. म्हणूनच ही जबाबदारी पाहुण्याने स्वतःकडे घेणे योग्य ठरते.

माशाला मरणापासून वाचवण्यासाठी पुढे आलेले छायाचित्र त्याच्या मरणाचे कारण होऊ नये, एवढीच या वादातील किमान अपेक्षा आहे. छायाचित्र घ्यावे की नाही, याविषयी मासेमारांचे एकमत होणे अवघड आहे. पण पाण्याबाहेरच्या प्रत्येक सेकंदाची किंमत मासा मोजतो, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही.